चौदाशेचं टार्गेट, नऊशेचा पराक्रम

डोंबिवलीहून सकाळी ठाण्याकडे येणाऱ्या लोकलमध्ये चक्कर आली तर एक फायदा असतो. माणूस खाली पडत नाही. पडायला जागाच नसते! मागच्या वर्षी एस.ई.ला असताना मला लेडीज डब्यात चक्कर आली, तेव्हा दिवा गेल्यापासून ठाणे येईपर्यंत मी चार बायकांच्या खांद्यांवर आणि एका मावशींच्या भाजीच्या पिशवीवर उभी होते. ठाण्याला त्याच मावशींनी मला प्लॅटफॉर्मवर ओढून काढलं, बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, "काय गं, सकाळपासून खाल्लंयस का काही?" मग पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून हातात दिला. आणि मित्रांनो, खरं सांगते, त्या अवस्थेतही तो तोंडात टाकायच्या आधी मी त्याच्या कॅलरी मोजल्या.

हा लेख त्या मोजण्याबद्दल आहे. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण आकडे दोनदा तपासलेत.

तर सुरुवातीपासून. वजन ६४ किलो, उंची १५७ सेंटिमीटर, म्हणजे बी.एम.आय. २६. आपल्याकडचे डॉक्टर २३च्या वर जास्त वजन आणि २५च्या वर लठ्ठपणा धरतात, म्हणजे कमी करायची गरज खरंच होती. मावसबहिणीचं लग्न हे निमित्त. मोबाइलवर ॲप घेतलं, त्यात उंची, वजन, वय भरलं. हे ॲपवाले बहुतेक १९९०चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. मुलींसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. माझं उत्तर आलं १३६०. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी श्वास, हृदय, मेंदू चालवायला शरीर एवढं जाळतं. त्यात जिने, लोकल, लेक्चर धरून साधारण १९००. ॲपने त्यातून ५०० वजा केले आणि सांगितलं, रोज १४०० खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल.

अर्धा किलो?! लग्न सहा आठवड्यांवर! मग माझं इंजिनिअरिंगचं डोकं चाललं. ५००च्या तुटीला अर्धा किलो, तर १०००च्या तुटीला एक किलो. सरळ रेषेचा आलेख. म्हणून मी टार्गेटच्याही खाली गेले, ९००वर. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी डब्यातली एक पोळी आणि भाजी, संध्याकाळी काकडी, रात्री वरणाचं पाणी. (आई म्हणायची, "अगं, वरण तरी घे." मी म्हणायचे, "घेतलंय की." डाळ तळाशी राहायची.) दिवसाच्या शेवटी ॲपमध्ये '५०० शिल्लक' असं हिरव्या अक्षरात यायचं आणि मला परीक्षेत डिस्टिंक्शन मिळाल्यासारखं वाटायचं.

पहिल्या आठवड्यात २ किलो गेले. पाच आठवड्यांत सव्वापाच! माझ्या हिशोबाने साडेचारच जायला हवे होते. हिशोबापेक्षा जास्त मार्क मिळाले की आपण पेपर पुन्हा तपासायला देत नाही. मीही दिला नाही. तो आता तपासू.

कॅलरी म्हणजे काय ते फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत इंधनाच्या धड्यात येतं. बॉम्ब कॅलरीमीटर आठवा. नमुना ऑक्सिजनमध्ये जाळायचा आणि भोवतीचं पाणी किती तापलं ते बघायचं. अन्नाचंही तसंच मोजलं गेलं. अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नुसतं अन्न जाळून पाहिलं नाही, तर जिवंत माणसाला कॅलरीमीटरच्या खोलीत ठेवून त्याची उष्णता मोजली. पाकिटामागे छापलेले आकडे, म्हणजे प्रोटीन आणि कर्बोदकांना ग्रॅमला ४ आणि स्निग्धाला ९, हे त्याच कामातून आले. (पाकिटावरची कॅलरी म्हणजे आपली किलोकॅलरी, ४.१८४ किलोज्यूल. व्हायव्हात विचारतात.)

आता '१ किलो म्हणजे ७७०० कॅलरी' हा आकडा. तो १९५८ साली मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलेल्या 'एका पौंडाला ३५००'चं किलोतलं रूप. शुद्ध चरबी १ किलो म्हणजे ९००० कॅलरी, पण अंगावरच्या चरबीत थोडं पाणी आणि पेशींचा बाकीचा भागही असतो, म्हणून ७७००च्या आसपास. आकडा चुकीचा नाही. चूक अशी की तो चरबीच्या किलोचा आहे आणि मी तो वजनकाट्यावरच्या किलोला लावला.

काट्यावरून उतरलं काय, हे क्रमाने बघा. पहिल्या आठवड्यातलं बरंचसं पाणी. यकृत आणि स्नायू मिळून ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. साठा रिकामा झाला की पाणीही जातं. दीड किलो असेच उडतात, आणि दोन दिवस पोटभर जेवलं की परत येतात. त्यात चरबीचा संबंध नाही.

खरी गोम पुढे आहे. १ किलो स्नायू घ्या. त्यात पाऊण किलो पाणीच. प्रोटीन २०० ग्रॅम, त्याच्या ८०० कॅलरी, बाकी किरकोळ. म्हणजे १ किलो स्नायू जाळून शरीराच्या हाती हजाराच्या आतबाहेर कॅलरी लागतात. चरबीच्या किलोला ७७००! आता माझी रोजची १०००ची तूट सगळी चरबीतून भरली गेली, तर १३० ग्रॅम वजन कमी होईल. पण समजा दहाच टक्के, फक्त १०० कॅलरी, स्नायूतून आल्या. मग चरबी जाईल ११७ ग्रॅम आणि स्नायू १०० ग्रॅम, एकूण २१७. ऊर्जा तेवढीच, चरबी थोडी कमीच गेली, आणि काटा मात्र दीडपटीहून जास्त खाली! हा हिशोब मी लॅबच्या जर्नलच्या मागच्या पानावर केला आणि थोडा वेळ गप्प बसले. स्नायू जितका जास्त जाळाल तितकी काटा जास्त शाबासकी देतो. मोजायची होती चरबी, मी वाचत होते वजन.

आणि स्नायू जाणारच होते. प्रोटीनचं वेगळं गोदाम शरीरात नसतं, स्नायू हेच गोदाम आणि तेच यंत्र. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला दिवसाला ५३ ग्रॅम प्रोटीन हवं होतं. माझ्या ९०० कॅलरींत २५ही होत नसावं, आणि तूट मोठी असली की खाल्लेलं प्रोटीनही दुरुस्तीऐवजी सरपण म्हणून जळतं. व्यायाम शून्य, कारण जिना चढायचंच त्राण नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती आपल्या पुण्याची आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. एक पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. म्हणजे काटा आणि उंचीपट्टीच्या मते दोघे सारखेच सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळतात, आणि आपला व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत पोचणं, अशी मिस्कील कबुली याज्ञिकांनी त्यात दिली होती. पण मामला नुसत्या आळसाचा नव्हता. त्यांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५. आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली आणि स्नायू मात्र कमी. दिसायला बारीक, आतून चरबीदार. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसांनाही मधुमेह का होतो, त्याचा एक धागा इथे आहे.

म्हणजे आपण स्नायूंच्या बाबतीत आधीच गरीब. त्या गरिबीतून मी पाच आठवडे खर्च करत होते.

लग्नात फोटो छान आले, हे प्रामाणिकपणे सांगते. पण शेवटच्या तीन आठवड्यांत काटा हललाच नाही. शरीराने खर्चात कपात केली होती. थंडी वाजायची, लेक्चरला झोप यायची, आणि पाळी दोन महिने आली नाही. लग्नानंतर केस मूठमूठ जायला लागले. आई मला धरून आमच्या डॉक्टरकाकांकडे घेऊन गेली. हिमोग्लोबिन १०.१ निघालं, मुलींना किमान १२ हवं. काकांनी विचारलं, "किती खातेस?" मी म्हटलं, "नऊशे." "कोणी सांगितलं?" "ॲपने चौदाशे सांगितलंय, मी त्याच्यापेक्षा…" काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाटलीवर दोन चमचे लिहिलं असेल, तर लवकर बरं व्हायला सहा घेशील का?" मग त्यांनी समजावलं की ऊर्जेची मोठी टंचाई दिसली की मेंदू आधी बिननिकडीची खाती बंद करतो. केस, नखं, पाळी. झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे व्हायची शक्यताही वाढते, हे मला तेव्हाच कळलं.

उपाशी शरीर काय करतं याचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९४४-४५चा, मिनेसोटा विद्यापीठातला. युद्धावर जायला नकार दिलेल्या ३६ तरुणांना अ‍ॅन्सेल कीज यांनी २४ आठवडे साधारण १६०० कॅलरींवर ठेवलं आणि वर आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. वजन पाव हिस्स्याने उतरलं. ते थंडीने कुडकुडायचे, चिडायचे, आणि पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. (मी? रात्री बारा वाजता मामलेदारच्या मिसळीचे व्हिडिओ!) पुन्हा पोटभर खायला मिळाल्यावर त्यांची चरबी आधी भरून आली, स्नायू मागून. काहींची चरबी तर पहिल्यापेक्षा वर गेली.

माझंही तेच झालं. परीक्षा, मग दिवाळीचा फराळ. एकादशी आणि दुप्पट खाशी! चार महिन्यांत काटा पुन्हा ६४वर. "चला, जैसे थे," असं मी म्हणाले असते, पण लग्नाच्या ब्लाउजसाठी शिंप्याने घेतलेली मापं त्याच्या पावतीवर होती. तेव्हा ६४ किलोला कंबर ८४ सेंटिमीटर. आता ६४ किलोलाच ८७. वजन तेच आणि माणूस दुसरा. तेवढंच दप्तर घेऊन डोंबिवलीचा पूल चढताना मधे थांबायला लागायचं, पूर्वी लागत नसे.

आता दुसरी बाजू, नाहीतर लेख एकतर्फी होईल. हळू केलं की वजन परत येतच नाही, असं नाही. २०१४ साली मेलबर्नच्या एका अभ्यासात भराभर आणि सावकाश वजन उतरवलेल्या दोन्ही गटांचं पुढच्या सुमारे तीन वर्षांत ७१ टक्के वजन परत आलं. २०१७ साली ब्रिटनमध्ये मधुमेही रुग्णांना काही महिने ८५०च्या आसपास कॅलरींवर ठेवलं, आणि वर्षाच्या शेवटी त्यांतल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. म्हणजे ९०० हा आकडाच पापी नाही. पण ते लोक डॉक्टरांच्या नजरेखाली होते आणि त्यांच्या पेयांत प्रोटीन, जीवनसत्त्वं मोजून घातलेली होती. माझ्याकडे काकडी होती. आमच्या बिल्डिंगमधले अर्धे काका 'दीक्षित' करतात, डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायचं. पण त्यात वेळा मोजतात, कॅलरी नाही. तो वेगळा लेख होईल.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत वजन उतरवण्याचा सुरक्षित वेग आठवड्याला अर्धा किलो दिलाय. म्हणजे ॲपने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच!

सध्या मी १५०० खाते. वरणातली डाळ आता ताटात येते, डब्यात उसळ किंवा अंडी असतात, आणि आठवड्यातून तीन दिवस घरी पाण्याच्या दोन पाच-लिटरी कॅनने उठाबशा. हसू नका, डंबेल्स महाग आहेत. तीन महिन्यांत काटा अडीचच किलो उतरलाय, ६१.५. कंबर मात्र ८७वरून ८१. पाळी जागेवर आली, हिमोग्लोबिन ११.८. पूल एका दमात चढते.

काटा आईने माळ्यावर टाकलाय, महिन्यातून एकदा खाली येतो. शिंप्याची टेप माझ्या दप्तरात असते. कोणाला माप घ्यायचं असेल तर टी.ई., खिडकीकडचा दुसरा बाक.