वेष्टीवर कोणता कोट?

विजारीवर कोट घालणाऱ्या मनुष्यास औपचारिक पोशाखाची फारशी चिंता करावी लागत नाही. त्याची दोन्ही वस्त्रे एकाच शिंप्याने एकमेकांसाठी बेतलेली असतात. परंतु ज्यांचे कमरेखालील वस्त्र नेसावयाचे अथवा गुंडाळावयाचे असते, त्यांना वरचा कोट निराळ्या परंपरेतून घ्यावा लागतो. अशा वेळी कोटाने वस्त्रास जुळवून घ्यावे की वस्त्राने कोटापुढे माघार घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो. स्कॉटलंडमधील किल्ट आणि तामिळ प्रदेशातील वेष्टी ही याची दोन बोलकी उदाहरणे होत. चेन्नईच्या एग्मोर भागात १८२१ साली उभे राहिलेले सेंट अँड्र्यूज चर्च हे या शहरातील स्कॉटिश वस्तीचे स्मारक असल्याने, या दोहोंची तुलना येथे विशेष उचित ठरते.

प्रथम किल्टचा विचार करू. हा चुण्यांचा लोकरी पट्टा बेंबीच्या पातळीवर बांधला जातो; विजारीपेक्षा तो बराच वर बसतो. त्याच्या चुण्या पाठीमागे असतात आणि पुढे स्पोरन नावाची कातडी पिशवी लोंबते. यावर नेहमीचा लांब कोट चढविल्यास मागील चुण्या दबतात, पुढील पिशवी झाकली जाते आणि धड अकारण लांब दिसू लागते. म्हणून स्कॉटिश शिंप्यांनी कोटच आखूड केला. सायंकाळच्या मेजवानीसाठी ‘प्रिन्स चार्ली’ नावाचा कमरेपाशी संपणारा काळा कोट, त्याखाली जाकीट व गळ्याला बो. त्याहून कमी औपचारिक प्रसंगी किंचित लांब ‘आर्गाइल’. आणि दिवसाच्या कार्यक्रमास जाड्याभरड्या ट्वीडचा कोट, असा त्यांचा संकेत आहे. या वस्त्राला प्रतिष्ठा सहजासहजी लाभली नाही. १७४६ च्या कायद्याने डोंगराळ प्रदेशातील पुरुषांना ते वापरण्यास बंदी करण्यात आली होती. सूट होती ती केवळ सैनिकांना. १७८२ साली बंदी उठली आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज स्वतःच किल्ट घालून एडिंबरोच्या दरबारात उपस्थित राहिला.

आता वेष्टीकडे वळू. नित्याची वेष्टी चार किंवा आठ ‘मुळम’ लांबीची असते. मुळम म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. आपल्याकडील ‘हात’ तो हाच. ही वेष्टी काष्ट्याविना, कमरेभोवती गुंडाळून नेसतात. धर्मकृत्यांसाठी आणि विवाहासाठी मात्र अधिक लांबीचे वस्त्र पाच ठिकाणी खोचून ‘पंचकच्छम’ नेसण्याची रीत आहे. दोन्ही प्रकारांत वस्त्राचा सारा भार कमरेच्या खोचीवर असतो. समोरून उघडा, आखूड विलायती कोट वर घातला की हीच खोच, तिचा फुगवटा आणि सदऱ्याचे टोक नेमके दृष्टीस पडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या वकिलांनी व अधिकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा स्कॉटिश तोडग्याच्या अगदी उलट होता. त्यांनी कोट आखूड न करता लांब केला. गळ्यापर्यंत गुंड्या असलेला, गुडघ्याकडे उतरणारा हा कोट कमरेची खोच पूर्णपणे झाकतो. मान बंद असल्याने टायची गरज उरत नाही. आणि खाली पंचकच्छमाच्या निऱ्या व काठ तेवढे मोकळे दिसतात. डोक्यावर पागोटे आले की पोशाख पूर्ण होई. धोतर, लांब कोट व टोपी अशा वेषातील जुन्या पिढीचे शिक्षक ज्यांनी पाहिले आहेत, त्या महाराष्ट्रीय वाचकांना ही रचना परकी वाटणार नाही. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी राजदूत म्हणून मॉस्कोत आणि १९६२ ते १९६७ या काळात राष्ट्रपती म्हणून हाच पोशाख जगापुढे नेला.

तथापि चेन्नईच्या दमट हवेत कोट हा सोयीपेक्षा शिष्टाचाराचाच भाग होय. तामिळ परंपरेत आदर दाखविण्याची रीत मुळात निराळी आहे. देवापुढे अथवा वडीलधाऱ्यांपुढे जाताना खांद्यावरचे अंगवस्त्र उतरवून कमरेला बांधतात. अंग झाकण्यापेक्षा ते उघडे ठेवण्यातच तेथे विनय मानला गेला. चक्रवर्ती राजगोपालाचारी खादीच्या वेष्टीवर सदरा व अंगवस्त्र घेत, के. कामराज यांनी मुख्यमंत्रिपदाच्या काळात वेष्टी आणि सैल, लांब सदरा यांखेरीज अन्य वेष स्वीकारला नाही. या दोघांमुळे कोटाविना वेष्टी हाही राज्यकारभाराचा मान्य पोशाख झाला.

शहरातील काही क्लबांचे नियम मात्र इंग्रजी अमदानीतलेच राहिले. जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंधामन हे एका पुस्तक प्रकाशनासाठी चेपॉक येथील क्लबात गेले असता, वेष्टी नेसल्याच्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. ज्याच्या निकालापुढे शासनालाही मान तुकवावी लागते, त्याला द्वारपालाने वस्त्रावरून परत पाठवावे, यातील विसंगती सर्वांनाच जाणवली. त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने कायदा केला. वेष्टी अथवा अन्य भारतीय पारंपरिक पोशाख केलेल्या व्यक्तीस अशा स्थळी मज्जाव केल्यास परवाना रद्द होणे, एक वर्षापर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये मामल्लपुरम येथे चीनच्या अध्यक्षांचे स्वागत करताना भारताच्या पंतप्रधानांनी वेष्टी, पांढरा सदरा आणि अंगवस्त्र हाच वेष केला. त्याच वर्षी १० डिसेंबरला स्टॉकहोम येथे अभिजित बॅनर्जी यांनी धोतरावर काळा बंद गळ्याचा कोट घालून नोबेल पारितोषिक स्वीकारले.

या उदाहरणांवरून निवडीचे काही साधे नियम हाती येतात. विवाहात व देवळात पंचकच्छम आणि अंगवस्त्र पुरेसे असते. तेथे कोट अनावश्यक होय. दिवसाच्या सभासमारंभास कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि जरीकाठाचे अंगवस्त्र शोभते. सायंकाळच्या समारंभास कोट हवाच असेल, तर तो बंद गळ्याचा असावा, कमरेची खोच पूर्ण झाकण्याइतका लांब असावा आणि चेन्नईत तरी सुती किंवा रेशमी असावा. उघड्या गळ्याचा विलायती कोट टाळणे बरे. स्कॉटिश शिंप्याने कात्री चालविली, मद्रासी शिंप्याने कापड वाढविले; परंतु दोघांनीही फेरफार केला तो कोटात. किल्ट आणि वेष्टी होत्या तशाच राहिल्या.