गृहविम्यातील अपवाद-कलमे आणि बेकायदा कृत्याचा प्रश्न

मागील उपघटकात आपण करारभाषेची वैशिष्ट्ये पाहिली. करारातील एखादा शब्द सामान्य माणसाला किती महागात पडतो, हे समजून घेण्यासाठी घराचे विमापत्र हे उत्तम उदाहरण आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गृहकर्जाच्या कागदांबरोबर असे विमापत्र आले असेल आणि ते न वाचताच कपाटात गेले असेल.

भारतात 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र लागू झाले. आग, पूर, भूकंप, दंगल अशा आपत्तींतील हानी त्यात समाविष्ट आहे. मात्र विमाधारकाने हेतुपुरस्सर केलेली हानी वगळलेली आहे. चोरीविषयीचा भाग तर विशेष काळजीने वाचावा. समाविष्ट आपत्तीमुळे घडलेली, आणि ती आपत्ती ओढवल्यापासून 7 दिवसांच्या आत झालेली चोरीच तेवढी ग्राह्य धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विमाधारकाच्या हातून कायदा मोडला गेला असेल, तर त्याचा दावा बुडतो का?

इंग्लंडमध्ये 1977 साली न्यायमूर्ती टॅल्बट यांच्यापुढे असा एक वाद आला होता. एका गृहस्थाने परदेशातून आणलेले दागिने जकात न भरता देशात आणले व त्यांचा विमा उतरवला. पुढे ते त्याच्या घरातून चोरीस गेले. चोरी खरी होती. तरीही न्यायालयाने त्या दागिन्यांची भरपाई नाकारली, कारण ती दिली असती तर जाणूनबुजून केलेल्या कायदाभंगातून लाभ मिळवण्यास न्यायालयानेच हातभार लावल्यासारखे झाले असते. नकळत झालेल्या आयातीचा प्रश्न मात्र न्यायमूर्तींनी वेगळा ठेवला. आपल्याकडे भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 23 मागेही सार्वजनिक धोरणाचे हेच तत्त्व आहे.

परंतु या तत्त्वाचा अर्थ वाटेल तितका ताणता येत नाही. समजा, एका कुटुंबाने नगरपालिकेच्या परवानगीशिवाय गॅलरी बंदिस्त केली आणि शेजारच्या स्वयंपाकघरातील आग पसरून त्यांची बैठकीची खोली जळाली. गॅलरी अनधिकृत आहे खरी. पण आग तिच्यामुळे लागली नाही आणि जळालेल्या सामानाशीही तिचा संबंध नाही. अशा वेळी केवळ 'बेकायदा' हा शब्द पुढे करून संपूर्ण दावा फेटाळणे प्रस्तुत लेखकास समर्थनीय वाटत नाही. खुद्द गॅलरीच्या खर्चाची मागणी मात्र दुबळी ठरेल.

अपवाद लागू होतो, हे सिद्ध कोणी करायचे? सराफी दुकानातील चोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केले, की ही जबाबदारी विमा कंपनीची आहे. याउलट, 2004 च्या एका निवाड्यात त्याच न्यायालयाने विमापत्रातील व्याख्या जशीच्या तशी लागू केली. तेथे घरफोडीच्या व्याख्येत बळाचा वापर अभिप्रेत होता. तो न झाल्याने दावा टिकला नाही. व्यवहारातील 'चोरी' आणि विमापत्रातील 'चोरी' हे दोन भिन्न शब्द आहेत, असेच समजून वाचावे.

दावा नाकारला गेल्यास कंपनीकडून कारण लेखी घ्यावे आणि त्यात नेमक्या कोणत्या कलमाचा आधार घेतला आहे ते पाहावे. प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. समाधान न झाल्यास, नकारापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

भाडेकरूने घरमालकाच्या नकळत खोलीत बेकायदा फटाके साठवले व स्फोटात घराची भिंत कोसळली. 'हेतुपुरस्सर कृत्य' हा अपवाद घरमालकाच्या दाव्यास लागू होईल काय? आपले उत्तर 10 ते 12 ओळींत लिहा.