पेशंट शांत झोपलेला

आमच्या नात्यात अजून कुजबुज चालते की हिने मॉर्फिनचा हट्ट धरला म्हणून अण्णा लवकर गेले. एकदाचं सांगून टाकते. अण्णांना शेवटपर्यंत मॉर्फिन मिळालंच नाही. मिळालं असतं तर निदान झोपले असते.

स्वादुपिंडाचा कॅन्सर, आता करण्यासारखं काही नाही, हे डॉक्टरांचं सांगून झालं होतं. तरी हॉस्पिटलात दर चार तासांनी बीपी आणि रोज सकाळी रक्ताची ट्यूब. दुखतंय का, एवढं मात्र कोणी विचारत नव्हतं. अण्णा जुन्या वळणाचे, परक्या मुलीसमोर कण्हायचीही त्यांना लाज. म्हणून मी काउंटरवर जायचे. सिस्टर मान वर न करता म्हणायची, ‘‘डॉक्टरांनी काही लिहिलं नाहीये.’’ आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणायचे, ‘‘सिस्टरना विचारा.’’

एका पहाटे काउंटरवर कोणी नव्हतं आणि अण्णांची फाइल उघडी पडली होती. इंजेक्शन लिहिलेलं होतं! ट्रॅमाडॉल, पुढे एसओएस. म्हणजे गरज लागली तर. आणि गरज लागली नव्हती, कारण खाली नोंद होती: ‘रात्री २. पेशंट शांत झोपलेला.’ रात्री दोनला अण्णा पलंगाचा दांडा धरून बसले होते आणि मी त्यांची पाठ चोळत होते. सकाळी ती फाइल इनचार्ज सिस्टरपुढे धरली. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्हाला फाइलला हात कुणी लावू दिला?’’ दुखण्याबद्दल अवाक्षर नाही.

रात्री एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, पगार तुटपुंजा, हे कळतं मला. त्याचं उत्तर व्यवस्थापनाने द्यावं. पण मान वर करायला जादा पगार लागत नाही.

ज्यांचं माणूस आत्ता अशा वॉर्डात आहे त्यांनी ‘गरज लागल्यास’वर समाधान मानू नये. दुखण्याचं औषध घड्याळाप्रमाणे लिहून घ्या, आणि मध्येच कळ आली तर जादा डोस किती, तेही. तोंडी मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो. त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं, नाहीतर माणूस बद्धकोष्ठानेच बेजार होतो. बेताने दिलेल्या मॉर्फिनने मरण जवळ येत नाही. ‘लायसन्सची भानगड असते, आम्ही ठेवत नाही’ असं आम्हाला ऐकवलं. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन ती भानगड बरीच कमी झाली, हे मला मागाहून कळलं. आमच्याच पुण्यात, वारज्याला, सिप्लाचं मोफत केंद्र अशाच रुग्णांसाठी १९९७पासून आहे, हेही मागाहूनच. मुंबईकरांना वांद्र्याचं शांती अवेदना सदन आहे, १९८६पासूनचं. एवढं चिठ्ठीवर लिहून द्यायला कुणाचं काय जात होतं?

शेवटी घशात घरघर लागते. आमच्याकडे दर वेळी सक्शनची नळी, आणि अण्णांचे डोळे फिरायचे. बदलीवर आलेल्या एका वयस्क सिस्टरने नळी बाजूला ठेवली, त्यांना कुशीवर वळवलं, ओल्या गॉजने ओठ पुसले. ‘आता कूस बदलते हं अण्णा’ असं बोलत बोलत सगळं केलं. घरघर कमी झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, तोंड ओलं ठेवायचं, हे मला तिनेच दाखवलं. घरघरीवर इंजेक्शनही असतं, त्याबद्दल विचारा. जवळ बसा, हात धरा, घरच्यांनी आपसांत भांडू नका, वेळेवर जेवा.

आणि उपचारांच्या नोंदींची प्रत मागा. लेखी अर्ज करायचा, पोच घ्यायची. अर्जापासून ७२ तासांत कागद द्यावेत, असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२पासून आहे. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा त्याच इनचार्ज बाई म्हणाल्या, ‘‘आता कशाला? पेशंट तर गेले.’’ मी म्हटलं, ‘‘शिक्का मारा.’’