धुराचा हिशेब आणि रोजचा प्रवास
(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर अभ्यास, सामान्य विज्ञान व गणित)

वाहनांच्या धुरापासून होणाऱ्या अपायांवरील पाठ आपण वर्गात दरवर्षी घेतो. मुले ‘सायकल वापरा, प्रदूषण टाळा’ असे घोषवाक्य फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहितात आणि ज्या वाहनाने आली त्याच वाहनाने घरी जातात. पाठ सांगणारे आपणही तसेच जातो. यात कोणाचा ढोंगीपणा आहे असे नव्हे. पाठातील माहिती खरी असते, परंतु सकाळी घरातून निघताना माणसास जी निवड करावयाची असते तिच्याशी ती जोडलेली नसते. कोणत्या रूपात दिली असता ही माहिती त्या निवडीपर्यंत पोहोचते, एवढाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणे आपल्या नाशिक जिल्ह्यातील आहेत.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. वाहनाच्या नळीतून दोन प्रकारची द्रव्ये बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे व काजळीचे सूक्ष्म कण ही पहिल्या प्रकारची. ती येथल्या येथे आपल्या फुप्फुसांस बाधतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्यातील शहरांच्या यादीत नाशिकचे नाव आहे ते याच द्रव्यांमुळे. दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडचा. हा वायू दिसत नाही, त्यास वास नाही, पण तो वातावरणात दीर्घकाळ साचून पृथ्वीचे तापमान वाढवितो. पी.यू.सी. प्रमाणपत्रात पेट्रोलच्या गाडीचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तपासलेले असतात, डिझेलच्या गाडीच्या धुराची घनता तपासलेली असते. कार्बन डायऑक्साइडसाठी त्यात मर्यादा घातलेली नाही. म्हणून ‘आमच्या गाडीची पी.यू.सी. आहे, तिचा धूर होत नाही’ असे कोणी म्हणाले तर ते अर्धेच खरे होय. शिवाय हे प्रमाणपत्र गाडीच्या डिकीत घडी घालून ठेवलेले असते व पोलिसाने मागितले म्हणजे बाहेर निघते. माहिती छापून हाती दिली तरी ती वाचली जातेच असे नाही, याचे हे घरचे उदाहरण आहे.

आता हिशेबाकडे वळू. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. ते जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे सांगताच वर्गातील चलाख मूल हटकून विचारील, की पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघेल कसे? हा प्रश्न यावा म्हणून थोडे थांबावे. कार्बनचा एक अणू हवेतील ऑक्सिजनचे दोन अणू धरून बसतो. कार्बनचे वजन १२ धरले तर ऑक्सिजनचे ३२, मिळून ४४. वाढलेले वजन हवेतून आलेले आहे. डिझेलच्या एका लिटरमागे हा आकडा सुमारे २.७ किलो येतो. एवढ्या दोन आकड्यांवर पुढचे सारे गणित चालते.

दिंडोरीहून नाशिकला जाऊन परत यावयाचे तर सुमारे ५० किलोमीटर पडतात. लिटरला ५० किलोमीटर ‘ॲव्हरेज’ देणाऱ्या मोटारसायकलीस एक लिटर पेट्रोल लागले, म्हणजे २.३ किलो वायू. मागे एक जण बसला तर माणशी १.१५. एस.टी.ची गाडी लिटरला ४ किलोमीटर चालते असे धरू. तिला साडेबारा लिटर डिझेल लागेल व सुमारे ३४ किलो वायू बाहेर पडेल. गाडीत ४० उतारू असले तर माणशी ०.८५ किलो, १५ असले तर २.३, म्हणजे एकट्या मोटारसायकलस्वाराइतकेच; आणि दहाच असले तर ३.४! ‘एस.टी. नेहमीच चांगली’ असे आपण पाठ करून घेतले असते तर हा आकडा पाहून मुले गोंधळली असती. तेव्हा तो लपवू नये, उलट त्यावरच वर्ग रेंगाळू द्यावा. गाडी भरलेली असो वा रिकामी, ती वेळापत्रकाप्रमाणे धावणारच आहे. सोळावा उतारू चढल्याने तिचे डिझेल जवळजवळ वाढत नाही. त्याने मोटारसायकल मात्र घरी ठेवली तर २.३ किलो पूर्ण वाचले.

माहितीच्या रूपाने निवड कशी बदलते यावर परदेशात पुष्कळ अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक व जॅक सोल या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले, की एका गॅलनमध्ये गाडी किती मैल जाते असे सांगितले म्हणजे लोकांचा अंदाज चुकतो. ठरावीक अंतरास किती गॅलन लागतात असे सांगितले म्हणजे तेच लोक बरोबर निवड करतात. आपल्या ‘ॲव्हरेज’ची गोष्ट हुबेहूब तशीच. मोटारसायकलीचे ॲव्हरेज ५० वरून ६० झाले, आणि जीपचे १० वरून १२ झाले. इंधन अधिक कोठे वाचले? मुले एकमुखाने ‘मोटारसायकल’ म्हणतील. मग ६०० किलोमीटरचा हिशेब मांडावा. मोटारसायकलीस १२ च्या जागी १० लिटर लागले, दोन वाचले; जीपला ६० च्या जागी ५० लागले, दहा वाचले. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाने नव्या मोटारींच्या विक्रीच्या ठिकाणी इंधनाचा व कार्बन डायऑक्साइडचा आकडा दाखविणे बंधनकारक केले. ते योग्यच, पण मोटार माणूस दहा वर्षांतून एकदा घेतो, आणि बाजारास जातो दर आठवड्यास.

खरे सांगावयाचे तर नुसत्या धुराच्या आकड्यापेक्षा पैशाचा आकडा अधिक बलवान आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना एस.टी.त निम्मे भाडे झाले आणि गाड्यांतील महिला उतारूंची संख्या लक्षणीय वाढली. त्यासाठी कोणास प्रदूषणावर व्याख्यान द्यावे लागले नाही. म्हणून वर्गातील तक्त्यात लिटर, रुपये व वायूचे किलो ही तिन्ही घरे शेजारी-शेजारी आखावीत. लिटरची ओळख घरोघर आहे. किलोचा आकडा तिच्या आधाराने लक्षात राहतो.

हा पाठ प्रस्तुत लेखकाने प्रथम सहावीच्या वर्गास घेतला तेव्हा एक चूक झाली. प्रत्येकाने आपल्या घरातील आठवड्याचा धूर मोजून आणावा व सर्वांत जास्त कोणाचा ते फळ्यावर लिहावे, असे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी एक मुलगा वही न आणता आला. त्याचे वडील भल्या पहाटे मोटारसायकलीस दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून डेअरीत जातात. मुलाने घरी हिशेब सांगताच त्यांनी विचारले होते, “मग कॅन काय डोक्यावर नेऊ? तुझ्या गुरुजींना विचारून ये.” गुरुजींपाशी उत्तर नव्हते. ज्यास दुसरा मार्गच नाही त्याच्या हाती धुराचा आकडा दिला तर तो आकडा त्यास दूषण वाटतो, आणि वडिलांना कमीपणा आणणाऱ्या पाठाकडे मूल पाठ फिरविते. पेठ-सुरगाण्याकडील पाड्यांवर तर हे पदोपदी ध्यानात ठेवावे लागते, जेथे एस.टी. येतच नाही तेथे ‘एस.टी.ने जा’ या उपदेशास अर्थ नाही.

तेव्हापासून फळ्यावर घरे लिहावयाची नाहीत, प्रवास लिहावयाचे, असा क्रम ठेवला. बाजाराचा दिवस, दवाखाना, तालुक्याच्या ठिकाणचे हायस्कूल, द्राक्षाच्या छाटणीस जाणारे मजूर. प्रत्येक प्रवासापुढे प्रश्न एकच : या वाटेस दुसरे साधन आहे काय? असल्यासच दोहोंचा हिशेब. एकदा एका मुलीने उभे राहून विचारले, “गुरुजी, तुमची गाडी धरायची का?” आम्ही तिघे शिक्षक एकाच गावाहून तीन मोटारसायकलींवर येत होतो. ती धरली. पुढील सोमवारपासून दोन गाड्या आल्या. तिसरे गृहस्थ सायंकाळी शेतावर जात असल्याने त्यांची अडचण खरी होती, हेही मुलांनी मान्य केले.

विजेच्या वाहनांविषयी मुले हमखास विचारतात. एस.टी.ची ‘शिवाई’ ही विजेवरील बस १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर प्रथम धावली. अशा वाहनास नळीच नाही, म्हणून रस्त्यावरील हवा निश्चित सुधारते. पण वीज कोठून येते हे एकलहऱ्याची चिमणी पाहिलेल्या मुलास समजावून सांगणे सोपे आहे. देशातील बरीचशी वीज कोळशापासून होत असल्याने विजेच्या स्कूटरचा कार्बन डायऑक्साइड शून्य होत नाही, पेट्रोलच्या गाडीच्या निम्म्याच्या आसपास येतो. सूर्यप्रकाश व वाऱ्यापासूनची वीज वाढेल तसा तो आणखी उतरेल.

या हिशेबात एक बाजू अशी आहे, की ती आकड्यांत बसत नाही. ज्यांना परवडते ते एकेक करून मोटारसायकलीकडे गेले की सकाळची फेरी रिकामी धावते. रिकामी फेरी तोट्यात जाते आणि तोट्यातील फेरी बंद होण्याची धास्ती असते. त्या फेरीने जाणाऱ्या मुलींना मात्र दुसरे साधन नसते. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. पण पास आहे आणि गाडी नाही, अशी अवस्था २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात गावोगाव पाहावयास मिळाली. सातवी संपवून तालुक्याच्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलीचे शिक्षण गावाच्या या रोजच्या निवडीत गुंतलेले आहे. हा मुद्दा मुलांना धुरापेक्षा लवकर कळतो, असा अनुभव आहे.

पाठाच्या शेवटी आम्ही शाळेच्या बाहेरील फलकावर गावातून सुटणाऱ्या व परतणाऱ्या गाड्यांच्या वेळा मुलांकडून लिहून घेतल्या आणि त्यांच्या शेजारी नाशिकपर्यंतचे भाडे व माणशी वायू. आश्चर्य असे, की गावात दोन पिढ्या राहिलेल्यांनाही दुपारची फेरी ठाऊक नव्हती. फलकापुढे थांबणारे लोक प्रथम वेळ पाहतात, मग भाडे, आणि उभेच आहोत म्हणून तिसरे घर. वेळ बदलली की सातवीचा गट ती पुसून नवी लिहितो. सायंकाळची फेरी शाळा सुटण्याआधी वीस मिनिटे निघून जात असल्याचे याच कामात ध्यानात आले. तेव्हा मुलांनी किती उतारू मिळतील याची मोजदाद जोडून आगार व्यवस्थापकांस वेळ पुढे नेण्याविषयी अर्ज लिहिला. अर्जाचा नमुना इयत्ता सातवीच्या पत्रलेखनासाठीही उपयोगी पडतो.