१२० युनिटं झाली, पण पदवी नाही

आमच्या इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच, "ताई, एच-फोरवर आहे, नोकरी करता येत नाही, तर शिकून घेऊ का? आणि तुम्ही केलंत ते अँथ्रोपॉलॉजी सोपं असतं ना?" पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: जरूर शिका. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसाच्या आधारे इथे आल्यावर, कॉलेजात जायला वेगळा व्हिसा लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ग्रुपवर टाइप करण्याइतकं छोटं नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

पुण्यात एस. वाय. बी. ए.ला असताना माझं लग्न झालं आणि मी कॅलिफोर्नियात आले. मुलगा शाळेत जायला लागल्यावर कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, तिथून कॅल स्टेटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, एका कॅम्पसला ट्रान्सफर घेतली आणि मानवशास्त्रात (अँथ्रोपॉलॉजीत) बी. ए. केलं. ठरल्यापेक्षा एक वर्ष उशिरा. त्या वर्षाची गोष्ट सांगायची तर आधी इथली पदवी कशी रचलेली असते ते सांगायला हवं.

कॅल स्टेटची बी. ए. म्हणजे किमान १२० सेमिस्टर युनिटं. त्यातली साधारण निम्मी कम्युनिटी कॉलेजात करता येतात. तिथली फारतर ७० धरली जातात. २०१०च्या कायद्यामुळे ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट पदवी निघाली. मानवशास्त्रातही ती आहे. ६० युनिटांची ही पदवी घेतली की त्याच किंवा मिळत्याजुळत्या विषयात उरलेल्या ६० युनिटांत बी. ए. व्हावी, अशी व्यवस्था आहे. तिच्यात मानवशास्त्राचे तीन पायाचे कोर्स येतात: सांस्कृतिक, जैविक आणि पुरातत्त्व. सोबत इंग्रजी लेखन, भाषण, तर्क आणि गणित हे चार. गणिताच्या जागी संख्याशास्त्र घ्या, पुढे मानवशास्त्रातही ते कामी येतं. याशिवाय बी. ए.साठी अमेरिकेचा इतिहास व राज्यघटना. हा शेवटचा तुकडा आपल्याकडच्या मुली हमखास विसरतात, कारण त्याचा मेजरशी, म्हणजे मुख्य विषयाशी, काही संबंध नसतो. पण तो नसेल तर पदवी अडते.

"मला लोकांचे सणवार, नातीगोती अभ्यासायची आहेत, मग हाडं कशाला?" असं मीही पहिल्या सेमिस्टरला कुरकुरले होते. अमेरिकेत मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसच्या काळापासून संस्कृती, शरीर, भाषा आणि पुरातत्त्व ही चार अंगं एकाच छपराखाली शिकवायची पद्धत आहे, आणि बऱ्याच विद्यापीठांत मेजरला चारही अंगांतलं काहीतरी घ्यावंच लागतं. जैविक मानवशास्त्राची लॅब हा बहुधा वेगळा एका युनिटाचा कोर्स असतो. परीक्षेत टेबलावर हाडं मांडलेली असतात, प्रत्येक टेबलापाशी ठरावीक मिनिटं, आणि हाड कोणतं एवढंच नाही तर डावं की उजवं तेही लिहायचं. लॅब लेक्चरबरोबर त्याच सेमिस्टरला घ्या. पुढे ढकललीत तर सगळं पुन्हा वाचावं लागतं.

इरावती कर्वे आपल्याला 'युगान्त'मुळे ठाऊक असतात. पण बर्लिनमध्ये त्यांनी डॉक्टरेट केली ती मानवी कवटीच्या मोजमापांवर, आणि नंतर भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला. कवटी आणि भाऊबंदकी दोन्ही एकाच बाईने अभ्यासली, हे आठवल्यावर माझी कुरकुर थांबली.

आता माझं वर्ष कुठे गेलं ते. ट्रान्सफर झाल्यावर मेजरचे वरच्या पातळीचे कोर्स सुरू होतात. त्यात तीन कोर्स एकमेकांशी बांधलेले असतात: मानवशास्त्रीय सिद्धान्तांचा इतिहास, संशोधनपद्धती आणि शेवटचा सीनिअर सेमिनार. सिद्धान्त आणि पद्धती झाल्याशिवाय सेमिनारला बसता येत नाही. मानवशास्त्राचा विभाग बहुतेक ठिकाणी छोटा असतो, शिकवणारे मोजके, त्यामुळे असे कोर्स वर्षातून एकदाच निघतात. आमच्याकडे सिद्धान्त फॉलमध्ये आणि सेमिनार स्प्रिंगमध्ये होता. मी गेले त्या फॉलमध्ये कम्युनिटी कॉलेजचे गुण नव्या कॅम्पसच्या सिस्टीममध्ये चढलेले नव्हते. 'सांस्कृतिक मानवशास्त्राचा पायाभूत कोर्स झालेला नाही' म्हणून संगणकाने मला सिद्धान्ताच्या वर्गात घेतलं नाही. सल्लागार गोड हसून म्हणाल्या, "काळजी करू नका, पुढच्या सेमिस्टरला घ्या." पुढच्या सेमिस्टरला तो कोर्स नव्हताच. नंतरच्या फॉलमध्ये तो घेतला. पण संशोधनपद्धतीचा कोर्स त्या वेळापत्रकात नेमका त्याच तासाला होता. सेमिनारला दोन्ही हवे. माझी १२० युनिटं भरली आणि हातात पदवी नाही. मग नुसत्या राहिलेल्या कोर्ससाठी आणखी एक वर्ष फी.

तेव्हा माझं पहिलं सांगणं असं की युनिटांची बेरीज शेवटी करा, आधी क्रम लावा. ट्रान्सफर व्हायच्या आधीच विभागाच्या ऑफिसला मेल टाकून विचारा: सिद्धान्त, पद्धती आणि सेमिनार गेल्या दोन वर्षांत कोणत्या सेमिस्टरला निघाले होते? हे कॅटलॉगमध्ये नेहमी नसतं, पण विभागात बसणाऱ्या बाईंना तोंडपाठ असतं. गुण चढले नाहीत म्हणून संगणक अडवत असेल, तर कम्युनिटी कॉलेजची मार्कशीट जोडून थेट शिकवणाऱ्या प्राध्यापकांना लिहा आणि परमिशन नंबर मागा. त्यांनी तो दिला की कुलूप उघडतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सल्लागारांचं तोंडी बोलणं तिथल्या तिथे मेलवर लिहून त्यांनाच पाठवा: "आज आपण असं म्हणालात, बरोबर ना?" वाईट वाटत असेल तरी पाठवा. पुढे एका कोर्सऐवजी दुसरा धरावा म्हणून अर्ज करायची वेळ आली, तर हाच मेल उपयोगी पडतो.

आपल्या विद्यापीठातल्या गुणांबद्दलही बोलते. पुण्याचे माझे पेपर मान्यताप्राप्त संस्थेकडून एकेका विषयाचं मूल्यमापन करून घेऊन दिले होते. धरले गेले, पण बहुतेक 'ऐच्छिक' म्हणून. त्यांनी युनिटांचा आकडा फुगला, मेजरची एकही अट सुटली नाही. शिवाय बी. ए.ला माझ्या वेळी ४० युनिटं वरच्या पातळीची लागायची आणि ३० त्याच कॅम्पसवर केलेली. बाहेरून आणलेला ढीग तिथे चालत नाही. मेजरच्या कोर्सला बहुधा किमान सी लागतो, आणि तिथे 'पास-नापास' पद्धत निवडलीत तर तो कोर्स मेजरला धरत नाहीत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी: २०२५च्या फॉलपासून ट्रान्सफरच्या सामान्य शिक्षणाचा साचा बदलला आहे, तेव्हा जुन्या मैत्रिणीची यादी वापरू नका, माझीसुद्धा नाही. मात्र शिक्षण सलग चालू ठेवलंत तर ज्या वर्षी सुरुवात केली त्या वर्षीच्या कॅटलॉगचे नियम लावून घ्यायचा हक्क कॅल स्टेटमध्ये मिळतो. मध्ये मोठा खंड पडला की तो जातो. बाळंतपणासाठी थांबणार असाल तर आधी रजेचा अर्ज करा.

फील्डवर्क हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग, आणि वेळ खाणाराही. माझा शेवटचा प्रकल्प इथल्या मराठी घरांतल्या हळदीकुंकवावर होता: माहेर-सासर दोन्ही हजारो मैलांवर असलेल्या बायका एकमेकींना मावशी-काकू कशा करून घेतात. वर्गापुरत्या गृहपाठाला चालून जातं, पण अभ्यास बाहेर मांडायचा असेल तर माणसांशी बोलण्याआधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीला आठवडे लागतात. संमतिपत्र मराठीत लिहून द्यावं लागलं, आणि ते पुढे केलं की काकू म्हणायच्या, "बोलायला सही कशाला? घर लिहून घेतेस का?" त्यांना समजावण्यात जो वेळ गेला, त्यातून मला निम्मा प्रबंध मिळाला. पण अर्ज सेमिनारच्या आधीच्या सेमिस्टरमध्ये तयार ठेवा. सेमिनार सुरू झाल्यावर उशीर होतो.

पुरातत्त्वाची ओढ असेल तर उन्हाळ्यातलं फील्ड स्कूल कराच. उत्खननाच्या कंपन्या नोकरी देताना ते विचारतात. खर्च मोठा असतो आणि तो नेहमीच्या फीमध्ये येत नाही. परदेशातलं निवडण्याआधी पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का तपासा, नाहीतर परत यायला अडकाल. एच-फोरवर वर्क परमिट नसेल तर पगारी इंटर्नशिप घेऊ नका, युनिटं मिळत असली तरी. याबाबत सल्लागारांवर विसंबू नका, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारा.

दर सेमिस्टरच्या नोंदणीआधी पदवीच्या कोणत्या अटी राहिल्या ते दाखवणारा डिग्री ऑडिट रिपोर्ट काढा आणि लाल खूण असलेली प्रत्येक ओळ कुणाला तरी विचारून समजून घ्या. आणि एक शेवटचं. सगळे कोर्स संपले म्हणून पदवी आपोआप येत नाही. ग्रॅज्युएशनचा अर्ज आपणच, बहुधा वेगळी फी भरून, मुदतीत करायचा असतो, आणि मुदत बहुतेक ठिकाणी शेवटचं सेमिस्टर सुरू होण्याच्या बरंच आधी संपते.