उंदराची गांठ आणि विषाणूची खूण

धनगर आपल्या मेंढरांच्या अंगावर रंगाची खूण करितो, हें आपल्या मुलुखांतील मुलांस सांगावयास नको. दोन कळप मिसळले, तरी त्या खुणेवरून आपलें कोणतें व परकें कोणतें हें तो ओळखतो. प्राण्याच्या शरीरांतही अशीच व्यवस्था आहे. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर कांहीं खुणा असतात. ज्या खुणा शरीराच्या रक्षक पेशींस परक्या वाटून प्रतिकारास प्रवृत्त करितात, त्यांस 'प्रतिजन' म्हणतात. या खुणांचा कर्करोगाशीं काय संबंध आहे, तें आपण पाहूं.

एका उंदराची गांठ काढून परक्या वंशाच्या उंदराच्या कातडीखालीं बसविली, तर ती बहुधा झडून जाते. परंतु निरोगी कातडीचा तुकडा बसविला, तरी तोही गळून पडतो! म्हणजे शरीर कर्करोगास नव्हे, तर परक्यास हांकलून लावितें. १९३६ च्या सुमारास लंडन येथें पीटर गोरर यांनीं यास कारण असलेला प्रतिजन दाखविला. अमेरिकेंतील जॉर्ज स्नेल यांनीं त्याची आनुवंशिकता उलगडली व १९८० च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले.

यास्तव खऱ्या परीक्षेसाठीं सख्ख्या भावाबहिणींचा वीस पिढ्या संकर करून एकसारखे उंदीर तयार करितात. त्यांच्यांत एकमेकांची कातडी टिकते. म्हणून अशा उंदरानें गांठ झिडकारली, तर तिच्यावर कांहीं निराळी खूण आहे, हें सिद्ध होतें. १९५७ सालीं प्रेन व मेन यांनीं असें दाखविलें, कीं रसायनानें उत्पन्न झालेल्या गांठींवर बहुधा प्रत्येकीची खूण वेगळी असते. १९६१ च्या सुमारास स्वीडन व अमेरिका येथील प्रयोगांत मात्र नवल आढळलें. पॉलिओमा नांवाचा विषाणु आधीं टोंचलेले उंदीर त्या विषाणूनें झालेल्या निरनिराळ्या गांठींस विरोध करूं लागले. एका विषाणूच्या गांठींवर समान खूण असते, हा त्याचा अर्थ.

या शास्त्रांत महाराष्ट्रकन्येचाही वांटा आहे. १९१७ सालीं पुण्यास जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं मुंबईस परळ येथील कर्करोग संशोधन केंद्रांत उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगाचा अभ्यास केला. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. अमेरिकेंत बिटनर यांनीं १९३६ सालीं दाखविलें होतें, कीं रोगी वंशाचीं पिलें निरोगी दाईच्या दुधावर वाढविलीं, तर त्यांस हा रोग कमी होतो. दुधांतून जाणारा तो घटक विषाणु होता. मात्र ही गोष्ट उंदरांची आहे. मनुष्याच्या आईचें दूध बालकास हितकरच होय. कोणीं भलती शंका घेऊं नये.

मनुष्यांत विषाणूचा संबंध स्पष्ट दिसतो तो गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगांत. त्याचा शोध लावणारे हाराल्ड त्सुर हाउझेन हे २००८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. आणि या रोगाविषयींचा एक जगन्मान्य अभ्यास आपली बेंबळी ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यांत झाला! १९९९ सालीं त्यास आरंभ झाला. मुंबईचें टाटा रुग्णालय व बार्शीचें नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यांत होतें. तीस ते एकुणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गट पाडले. २००९ सालीं फल प्रसिद्ध झालें. विषाणु-तपासणीसाठीं निवडलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटांत या रोगानें ३४ दगावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ च्या गटांत ६४. त्या तीस जणींचा फरक म्हणजे कोणाची तरी आई, कोणाची तरी चुलती!

आतां या विषाणूवर लसही आहे. तींत जिवंत विषाणु नसतो. त्याच्या कवचाचें प्रथिन तेवढें असतें. रक्षक पेशी ती खूण ध्यानांत ठेवितात व पुढें खरा विषाणु आला असतां त्यास अडवितात. झालेली गांठ मात्र ही लस बरी करीत नाहीं. म्हणून ती लहान वयांतच, मुख्यतः नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींस, देणें इष्ट. लस घेतली, तरी पुढें योग्य वयांत तपासणी करावीच.

विद्यार्थ्यांनो, हा लेख घरीं आईस वाचून दाखवा. संकोचानें दुखणें झांकूं नये, तपासणीस भिऊं नये, एवढें जरी तिला पटलें, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.