मुलांस रानाची ओळख

(शाळाशिक्षक व उपदेशक यांजकरितां)

धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या मुलास "तुझे वडील कोठें आहेत?" असें विचारिलें, तर तो म्हणतो, "रानांत गेले." रान म्हणजे शेत. परंतु त्यासच "वनांचे उपयोग सांग" असें म्हटलें, कीं तो घडघड म्हणून दाखवितो: वनांमुळें पाऊस पडतो, प्राणवायु मिळतो, मातीची धूप थांबते, औषधें मिळतात. गुण पुरे मिळतात. मात्र ज्या वस्तूविषयीं तो बोलला, ती त्यानें बहुधा पाहिलेली नसते. आपल्या जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें ७,५०० चौरस किलोमीटर आहे. त्यांत वनाची छाया शेंकडा १ देखील नाहीं. देशांतील एक तृतीयांश भूमि झाडांखालीं असावी असें १९८८ च्या वननीतीनें ठरविलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे आपलें दारिद्र्य कळून येतें.

पाठ केलेलीं हीं उत्तरें सर्वस्वीं खोटीं नाहींत. परंतु पहिल्याच उत्तराविषयीं शिक्षकानें सावध असावें. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. नैर्ऋत्येचे वारे समुद्रावरून पाणी आणितात. त्यांतील पुष्कळ घाटमाथ्यावरच सांडतें, आणि उरलेंसुरलें आपणांस मिळतें. विस्तीर्ण अरण्यें हवेंत ओलावा सोडून दूरच्या पावसास हातभार लावितात, हें खरें. परंतु आपल्या येडशीजवळच्या रामलिंग घाटाचें अभयारण्य अवघें २२ चौरस किलोमीटर आहे. त्यानें मेघ ओढून आणावे अशी आशा करणें व्यर्थ होय. मुलास "झाड लाव, पाऊस येईल" असें सांगावें, त्यानें झाड लावावें, आणि पाऊस न आल्यास शिक्षक लबाड ठरावा, हें बरें नव्हे.

झाडी करिते तें असें कीं, जो पाऊस पडला त्यास ती थांबविते. ह्याची प्रचीति वर्गांत देतां येते. दोन घमेलीं घ्यावीं; एकांत नुसती माती भरावी, दुसऱ्यांत माळावरून मुळांसकट काढिलेलें गवत बसवून वर पालापाचोळा पसरावा. दोन्हीं तिरपीं ठेवून प्रत्येकावर तांब्याभर पाणी हळूहळू ओतावें. एकांतून तांबूस गढूळ लोंढा तत्काळ बाहेर पडतो. दुसऱ्यांतून पाणी थोडें, उशीरां, आणि बरेंच निवळ येतें. राहिलेलें कोठें गेलें, हें मुलांनाच विचारावें. फाल्गुनांत कोणाच्या विहिरीस पाणी असतें, हा पुढील प्रश्न मुलें बहुधा आपण होऊनच काढतील.

१२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी लातुरास पोहोंचली. दहा टाक्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें, आणि ती आपल्याच जिल्ह्यांतून गेली. ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. परंतु केवळ झाडें तोडल्यानें तसें झालें असें सांगूं नये. पाऊस लागोपाठ दोन वर्षें ओछा पडला होता, आणि उसानेंही पुष्कळ पाणी प्यालें होतें.

आतां वर्गांतील मागच्या रांगेकडे वळूं. सुटीच्या दिवशीं शेळ्या घेऊन माळावर जाणारा मुलगा तेथें बसलेला असतो. जिल्ह्याच्या जुन्या नांवावरून उस्मानाबादी म्हटली जाणारी ही काळी शेळी गरिबाचें बहुतेक सर्व भांडवल आहे. बाभळीच्या शेंगा केव्हां गळतात, हें तो जाणतो. सीताफळाच्या पानास शेळी तोंड लावीत नाहीं, म्हणून उजाड डोंगरावरही तें झाड टिकतें, हेंही त्यास ठाऊक असतें. वनांचे उपयोग त्यास पाठ येत नाहींत, म्हणून तो ढ ठरतो. मला हा मोठा अन्याय वाटतो. शिवाय वनरक्षक म्हणजे शेळ्या हांकून देणारा माणूस, इतकीच त्याची समजूत असते, आणि तिच्यामागें घरच्या पोटाचा प्रश्न असतो. अशा मुलास उपदेश करून उपयोग नाहीं. शाळेच्या आवारांत चार हात जागेस काटेरी कुंपण घालावें, आणि एक पावसाळा गेल्यावर आंत काय उगवलें व बाहेर काय उरलें, हें त्यालाच मोजावयास लावावें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथील लोकांनीं १९९० नंतरच्या काळांत चराईबंदी व कुऱ्हाडबंदी आपण होऊन पत्करिली. पुढें गवत इतकें वाढलें कीं तें कापून घरीं नेतां येऊं लागलें. बंदी म्हणजे चारा गेला असें नव्हे, हें त्यास येथें दिसेल.

रामलिंगास मुलांची सहल जाते. धबधबा आणि वानरें पाहून ती परत येते. तेथें एकदां तरी दहा मिनिटें मुलांस गप्प बसवावें. डिसेंबर २०२४ मध्यें ह्याच झाडींत एक वाघ दिसून आला. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून चारपांचशें किलोमीटर चालून तो आला होता. गुरें मारलीं जाऊं लागलीं, लोक भ्याले, आणि २०२५ च्या आरंभीं त्यास पकडून दुसरीकडे नेण्याची खटपट झाली. मुलांस ही गोष्ट ऐकतांना भीति व आनंद दोन्हीं वाटतात, आणि दोन्हीं यथायोग्य आहेत. मग त्यांच्यापुढें नकाशा पसरावा, आणि तो कोणत्या वाटेनें आला असेल, दिवसां कोठें दडला असेल, पाणी कोठें प्याला असेल, हें शोधावयास सांगावें. नकाशावर हिरवा रंग फारच थोडा सांपडतो. तेव्हां मुलें ओढ्यांचे कांठ, बांधावरच्या बाभळी, गायरानांतील झुडुपें धुंडाळूं लागतात, आणि कोणी तरी विचारतो, "गुरुजी, आपल्या गांवावरून तो गेला असेल काय?"